दोनशे अकरा नावं

मुरुडच्या स्टेशनावर उतरून गावात येताना डाव्या हाताला कडुनिंबाची दोन झाडं आणि त्यांच्यामागं पत्र्याच्या छपराची एक बैठी इमारत लागे. लोक तिला बायकांचा दवाखाना म्हणत. एका वकिलानं बाळंतपणात गेलेल्या आपल्या बायकोच्या नावानं ती बांधून दिली होती. डॉक्टरीणबाई आल्या, दोन उन्हाळे कशाबशा राहिल्या आणि हैदराबादला परत गेल्या. तेव्हापासून दवाखाना चालवला तो चंद्रप्रभानं. छत्तीस वर्षांची, किडकिडीत, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. सुईणीचं शिक्षण तिनं हैदराबादेत उर्दूतून घेतलेलं. लिहिणं मात्र मराठीत. सकाळी आठला ती दार उघडी. तोवर दवाखान्यात वरकाम करणाऱ्या केवळाबाईनं चुलीवरच्या पातेल्यात हत्यारं उकळत ठेवलेली असत, फिनेलनं पुसलेली फरशी अजून ओली असे, आणि बाहेर पदर पुढं ओढून बायका बसलेल्या असत.

त्या तिच्या हाताला गुण आहे म्हणून येत, हे खरंच. पण त्याहून जास्त येत त्या तिच्या बंद तोंडासाठी. कुणाला मूल होत नव्हतं, कुणाला नको असताना राहिलं होतं, कुणाच्या अंगावर मार होता आणि मारणाऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या, लिंगायताच्या, मोमिनाच्या, मांगवाड्यातल्या, सगळ्या घरांतल्या बायका तिच्या कानाशी लागून जे बोलत, ते त्यांनी आपल्या आईलाही सांगितलेलं नसे.

तोंड बंद ठेवून भागत नाही, हे तिला एका चुकीनं शिकवलं होतं. पहिल्या वर्षी ती नोंदवही साध्या मराठीत लिहायची. बाईचं नाव, गाव, कितवी खेप, काय दुखणं. एकदा वही टेबलावर उघडी राहिली. औषधाला आलेल्या एका शिकलेल्या बाईनं सहज नजर टाकली, आणि चतुराबाई नावाच्या एका सुनेला नवऱ्याकडून कोणता रोग लागलाय, हे दिवस मावळायच्या आत गावभर झालं. रोग नवऱ्याचा, पण घराबाहेर काढली गेली ती चतुराबाई. ती पुढं कुठं गेली, हे चंद्रप्रभाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं ती वही चुलीत घातली आणि नवी वही केली. ज्यांचं काही झाकायचं होतं, अशाच बायकांची नोंद ती या वहीत करी.

तिचे वडील माहूरकडचे, महानुभाव पंथातले. त्यांच्या घरातल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या होत्या. लहानपणी पावसाळ्याच्या दुपारी वडिलांनी तिला खेळ म्हणून अंकपल्लवी शिकवली होती. अक्षराच्या जागी तीन आकडे लिहायचे: अक्षर कोणत्या वर्गातलं, त्या वर्गात कितवं, आणि बाराखडीत कितवं. क-वर्ग पहिला धरला, तर ‘की’ म्हणजे एक, एक, चार. एवढं कुणालाही जमलं असतं. चंद्रप्रभानं त्यात आपली भर घातली. तिनं वर्गांचा क्रमच उलटापालटा केला, आणि तो क्रम ती दर अमावास्येला बदलू लागली. तो क्रम हीच किल्ली. तो कळल्याशिवाय आकड्यांतून अक्षर निघत नव्हतं, आणि तो कुठंही लिहून ठेवलेला नव्हता. तीन वर्षांच्या छत्तीस-सदतीस किल्ल्या तिच्या डोक्यात ओळीनं टांगलेल्या होत्या. वहीत दिसायचे ते ताप, नाडी, थेंब असे मथळे घातलेले रकाने, आणि त्यांत बारीक, सुबक आकडे.

तिला याचा अभिमान होता, आणि निदान केवळाबाईपासून तरी तो ती लपवत नसे.

“ही वही कुणी पळवली तरी त्याच्या हाताला ताप लागेल,” ती म्हणे. “नाव नाही लागायचं.”

केवळाबाई अंगठा उठवणारी बाई. ती हसून म्हणे, “आमाला तर समदी वही सारकीच दिसती, बाई. चांगलंच हाय ते.”

अठ्ठेचाळीस सालचा माघ उजाडला तेव्हा मुलखात धड काही राहिलं नव्हतं. बाहेर स्वातंत्र्य येऊन सहा महिने झाले होते आणि निजामी अजून इथंच होती. गावोगावचे तरुण घर सोडून सरहद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला गेले होते. तिथल्या छावण्यांतून ते येत, एखादा नाका जाळत, आणि परत जात. मागं राहिलेल्या घरांवर रझाकारांचा डोळा असे. संध्याकाळी गावात दिवा लावायची चोरी झाली होती.

अशाच एका सकाळी चंद्रप्रभानं कुणा बाईचे दिवस मोजायला वही उघडली. शेवटची नोंद तिला पाठ होती. नवऱ्याच्या मारानं सुजलेला गुडघा घेऊन आलेल्या रत्नम्माची. त्या नोंदीखाली आणखी एक ओळ होती.

आकडे तिच्याच हातचे होते. चारची गाठ ती उघडी ठेवायची, नऊची शेपटी लांब ओढायची. तशीच गाठ, तशीच शेपटी. शाई दवाखान्यातलीच. किल्ली चालू महिन्याची. तिनं मनात अक्षरं लावली. पंचफुलाबाई. ढोकी. नववा महिना. मूल आडवं.

अशी बाई तिनं तपासली नव्हती. विसरले असेन, असं तिला वाटलं. दिवसाला वीस-पंचवीस बायका, आणि त्यात झोप कमी.

तिसऱ्या दिवशी ढोकीहून बैलगाडी आली. गाडीत वाळक्या कडब्यावर एक पोरसवदा बाई कुशीवर पडून कण्हत होती, आणि तिची सासू तिच्या कपाळावर ओला फडका धरून बसली होती.

“नाव?” चंद्रप्रभानं विचारलं.

“पंचफुला,” सासू म्हणाली.

“याआधी आणलं होतं हिला इथं?”

“न्हाई बाई. आमी आजच मुरुड बगतोय.”

चंद्रप्रभानं पोटावर हात ठेवला. मुलाचं डोकं उजव्या कुशीत हाताला लागलं. आडवंच होतं. तिनं तासभर बाहेरून दाबत, थांबत, पुन्हा दाबत ते फिरवलं, आणि दुपार टळता टळता पंचफुलाबाईला मुलगी झाली. मायलेकी धड होत्या. हात धुताना चंद्रप्रभाच्या लक्षात आलं, की आडव्या मुलासाठी लागणारी सगळी तयारी तिनं सकाळीच, गाडी यायच्या आधी करून ठेवली होती.

ती देवभोळी नव्हती. हैदराबादेत तिनं मेलेल्या माणसाचं पोट चिरून बघितलं होतं. त्यामुळं तिनं आधी साधी कारणं काढली. कुणीतरी वहीला हात लावतंय. तिनं शेवटच्या नोंदीखाली जाड रेघ ओढली आणि वही पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद केली. आठवड्यानं रेघेखाली एक ओळ आली. मग तिनं अमावास्येची वाट न बघता किल्ली बदलली. पुढची ओळ नव्या किल्लीत होती.

फाल्गुनात तिला हिवतापाचं कुनेन आणि टिंक्चर आणायला दोन दिवस लातूरला जावं लागलं. निघताना तिनं वही कापडात बांधली, गाठीवर लाख ओतली, लाखेवर आपला अंगठा उठवला, आणि मग पेटीला कुलूप घातलं. हरंगुळ स्टेशन गेल्यावर, बार्शी लाईटच्या छोट्या आगगाडीच्या डब्यात खिडकीशी बसून, उन्हात पसरलेल्या काळ्या रानाकडं बघत तिनं एक नवीच किल्ली जुळवली. ती कागदावर उतरवली नाही, तोंडानं पुटपुटली नाही.

परत आल्यावर तिनं पेटी उघडली. लाख जशीच्या तशी होती. अंगठ्याच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. तिनं ती फोडली. वहीत दोन नव्या ओळी होत्या. जुन्या कुठल्याच किल्लीनं त्या उघडेनात. मग तिनं गाडीत जुळवलेली किल्ली लावली.

दोन्ही ओळी उघडल्या. दोन बायका, दोन गावं, दोन दुखणी.

तिनं केवळाबाईला हाक मारली.

“मी नसताना खोलीत कोण आलं होतं?”

“कुणी न्हाई, बाई. कुलूप हाय तसंच हाय. म्या हात न्हाई लावला.” केवळाबाई जवळ आली. “पर एक सांगू? काल झाडताना वास आला. शेपा अन् ओव्याचा. बाळंतिणीला धुरी देत्यात ना, तसा. दवाखान्यात बाळंतीण न्हाई, शेगडी न्हाई, अन् वास मातर लई.”

“कुठून येत होता?”

केवळाबाईनं पेटीकडं हनुवटी केली, आणि चुलीतलं लाकूड सारायला निघून गेली.

दोन्ही बायका चंद्रप्रभानं शोधून काढल्या. एक तर दुसऱ्या दिवशी दारात आलीच. दुसरीच्या गावी ती स्वतः गाडी जोडून गेली. तिथल्या घरात तापानं फणफणलेली बाळंतीण अंधाऱ्या कोपऱ्यात पडली होती, आणि तिला दवाखान्यात न्यावं असं घरातल्या कुणालाही वाटलं नव्हतं. ती वाचली. नर्सबाईला आधीच कळतं, असं लोक बोलू लागले, आणि चंद्रप्रभानं त्यांना अडवलं नाही. कोण लिहितं, हा प्रश्न तिनं एके दिवशी बाजूला ठेवून दिला. लिहिणारं कुणीही असो, ते तिच्या किल्ल्या सांभाळून होतं. एकही ओळ उघड्या अक्षरात आली नव्हती. याचाही तिला अभिमान वाटू लागला.

चैत्रात इंदू आली. जवळच्याच वाडीतली, विशीतली, शिकलेली. तिचा नवरा उद्धव श्रावणापासून फरारी होता. तीन वेळा घराची झडती झाली होती, आणि तिन्ही वेळा घरच्यांनी शपथेवर सांगितलं होतं, की तो गेल्यापासून फिरकलेला नाही.

चंद्रप्रभानं तिला तपासलं. तिसरा सरून चौथा लागत होता. तिनं मागं मोजलं. पौष येत होता.

इंदूनं तिचा हात धरला. “ते आलते,” ती अगदी हळू म्हणाली. “दोन घटका. वैरणीच्या गंजीत बसले होते. बाई, हे कळलं तर त्यांना गंजीपाशी धरतील. आणि नाही कळलं तर गाव मला काय म्हणेल, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“पोट दिसायला लागायच्या आत बार्शीला माहेरी जा,” चंद्रप्रभा म्हणाली. “इथं जे बोललीस ते इथं राहील.”

तिनं नोंद केली. इंदूबाई, वाडीचं नाव, चौथा महिना, नवरा पौषात. चारची गाठ उघडी, नऊची शेपटी लांब.

दिवस मागं मोजायची हीच गोष्ट आणखी कुणाच्या तरी डोक्यात आली होती. वैशाखात एका सकाळी पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, चार शिपाई घेऊन दवाखान्यात आला. माणूस हुशार होता. त्यानं औषधांना हात लावला नाही, खाटा उलथ्या केल्या नाहीत. फरारी माणसांच्या बायकांपैकी कोणाकोणाला दिवस गेलेत आणि कितवा महिना आहे, एवढं कळलं की नवरा कधी येऊन गेला ते कळतं, आणि मग पुढं कधी येईल तेही हेरता येतं. त्यानं फक्त वही मागितली.

त्यानं पानं चाळली. “बाईसाब, नामां किधर है?”

“नावं लिहीत नाही मी,” चंद्रप्रभा म्हणाली. “ताप आणि नाडी लिहिते.”

अमीननं तिच्याकडं बघितलं, मग वहीकडं. “लातूर चलो,” तो म्हणाला.

लातूरला गंज बाजाराजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात त्यानं कचेरी थाटली होती. भिंतींच्या सांध्यांत अजून कापसाचे पुंजके होते आणि सगळीकडं सरकीचा तेलकट, कोंदट वास भरून होता. चंद्रप्रभाला एका बाकावर बसवलं. केवळाबाई हट्टानं सोबत आली होती. ती भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसली. रात्री दोघींनी ओळखीच्या शांतम्माच्या घरी राहायचं आणि सकाळी परत हजर व्हायचं, असा हुकूम होता.

वही मुन्शी रेणुकादासांच्या हवाली झाली. साठीचे, गोरे, कानात अत्तराचा फाया, डोक्यावर काळी टोपी. मोडी, उर्दू, फारसी, कानडी, तेलगू; कसलाही कागद त्यांच्यापुढं ठेवा, वाचल्याशिवाय उठायचे नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही कागद परत केला नव्हता, हे लातुरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांपेक्षा जास्त त्यांना स्वतःला ठाऊक होतं. एक पाटी आणि पेन्सिल घेऊन ते बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मान वर केली. “बाई, ही अंकपल्लवी आहे,” ते म्हणाले. आवाजात कौतुक होतं. “माझ्या आजोबांना येत होती. तुम्हाला कुणी शिकवली?”

चंद्रप्रभा भिंतीतल्या कापसाच्या पुंजक्याकडं बघत राहिली.

“वर्ग हलवलेत तुम्ही. छान हलवलेत.” ते पुन्हा पाटीवर वाकले.

तिला भीती वाटली नाही. उलट समोर खरा जाणकार बसलाय आणि त्यालाही घाम फुटलाय, हे बघून तिची पाठ ताठ झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांची पेन्सिल थांबेना. ते प्रत्येक ओळीतल्या त्याच दोन जागांवर बोट ठेवत होते. आणि चंद्रप्रभाच्या एकदम ध्यानात आलं.

बाई.

तिनं प्रत्येकीच्या नावापुढं मानानं ‘बाई’ लिहिलं होतं. मांगवाड्यातली असो की देशमुखाच्या वाड्यावरची, सून असो की सासू. प्रत्येक ओळीत तीच दोन अक्षरं. तिथून ब मिळाला, ब-वरून त्याचा सगळा वर्ग, मग एकामागून एक बाकीचे. दार तिनंच उघडं ठेवलं होतं.

रेणुकादासांनी पाटी जवळ घेतली. शेवटच्या पानावरची एक ओळ, इंदूची ओळ, ते मांडू लागले. अमीन बाहेर शिपायांशी बोलत होता.

त्यांची पेन्सिल थांबली.

त्यांनी ओळ पुन्हा मांडली. मग पान उलटलं. आणखी एक उलटलं. सरकीच्या वासात हळूहळू दुसराच वास मिसळू लागला. खाली बसलेल्या केवळाबाईनं मान वर करून हुंगलं आणि चंद्रप्रभाकडं पाहिलं. शेपा आणि ओवा.

“बाई, इकडं या,” रेणुकादास म्हणाले.

ती जवळ गेली. त्यांचा चेहरा कापसासारखा झाला होता.

“विशाखा तुमच्याकडं कधी आली होती?”

“कोण विशाखा?”

त्यांनी पाटी तिच्याकडं वळवली. त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: विशाखाबाई. लातूर. तिसरा महिना. नवरा वारला. वडील मुन्शी. त्यांना ठाऊक नाही.

चंद्रप्रभानं वही पाहिली. तिनंच लिहिलेले आकडे होते, एकही इकडचा तिकडं झालेला नव्हता. तिनं मनातल्या मनात आपली किल्ली लावली. इंदूबाई, वाडी, चौथा महिना, नवरा पौषात. मग पाटीच्या कडेला रेणुकादासांनी लिहिलेली त्यांची किल्ली लावली. विशाखाबाई. लातूर.

आकडे तेच.

“ही ओळ माझीच आहे,” ती म्हणाली. “पण हे नाव मी लिहिलेलं नाही.”

“इथंही तेच आहे.” त्यांनी पान उलटलं. “इथंही.” आणखी एक. “तीन वर्षांपूर्वीच्या पानावरसुद्धा. कुठलीही ओळ मांडली, की माझी पोरगी येते.”

घरी, मागच्या सोप्यात, आठवडाभर जेवणाचं ताट परत पाठवणारी विधवा लेक त्यांना त्या क्षणी दिसली असावी.

“खरं असेल का?” त्यांनी विचारलं.

“आजवर यातलं एकही खोटं निघालेलं नाही,” चंद्रप्रभा म्हणाली.

बाहेर अमीनच्या बुटांचा आवाज आला.

रेणुकादासांनी बाहीनं पाटी पुसली. एकदा, दोनदा, मग थुंकी लावून तिसऱ्यांदा. अमीन आत आला तेव्हा ती कोरी होती.

“हुजूर, यात अक्षर नाही,” ते म्हणाले. “ताप आणि नाडीचे आकडे आहेत. मी तीन दिवस फुकट घालवले.”

अमीननं भुवया उंचावल्या. “मुन्शीजी, आप हार गए?”

तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. “हार गया,” ते म्हणाले, आणि टोपी नीट करून उभे राहिले.

वही परत मिळाली. महिन्याभरात इंदू बार्शीला पोहोचली. आणि ज्येष्ठातल्या एका सकाळी मुरुडच्या स्टेशनावर एक म्हातारा आपल्या लेकीला घेऊन उतरला, आणि डाव्या हाताच्या दवाखान्याकडं वळला. विशाखाचं पुढं काय झालं, हे चंद्रप्रभानं कधी कुणाला सांगितलं नाही. म्हणून ते इथंही सांगता येत नाही.

भाद्रपदात हिंदी फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामी संपली. माणसं घरी परतली. उद्धवही परतला, आणि कार्तिकात महिन्याभराचा मुलगा खांद्यावर टाकून दवाखान्यात पेढे देऊन गेला. एकाही बाईचं नाव बाहेर फुटलं नाही, ही गोष्ट मुरुडपासून लातूरपर्यंत लोक एकमेकांना सांगू लागले. चंद्रप्रभा रस्त्यानं निघाली की पारावर बसलेली माणसं उठून उभी राहत.

मार्गशीर्षात लक्ष्मणराव तिला भेटायला आले. छावणीत दहा महिने काढलेला भला माणूस. लढ्यातल्या लोकांच्या सत्काराच्या कमिटीचा चिटणीस.

“बाई, पुरुषांच्या नावांची यादी झाली,” ते म्हणाले. “पण सोसलं ते बायकांनी. तुमच्या वहीतली नावं द्या. मोठ्या सभेत वाचू. शेवटी तुमचं. आता कुणाला भ्यायचंय?”

चंद्रप्रभानं लगेच नाही म्हटलं नाही. चार वर्षांचं काम, पन्नासेक किल्ल्या, दोनशे अकरा बायका. हे कधीतरी उजेडात यावं, चार माणसांनी ऐकावं, असं तिला वाटून गेलं. “उद्या सकाळी या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी तिनं वही घेतली, शेजारी कोरा कागद ठेवला, आणि पहिल्या पानावरची पहिली ओळ पहिल्या किल्लीनं लावली. त्या ओळीत कोण आहे, हे तिला पाठ होतं.

ओळीत ती बाई नव्हती.

चंद्रप्रभाबाई. उमरी. वय सतरा. पहिली खेप.

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुसरी ओळ. चंद्रप्रभाबाई. उमरी. पान उलटलं. दुसऱ्या महिन्याची किल्ली. चंद्रप्रभाबाई. उमरी. वय सतरा.

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. विधवा होऊन दोन वर्षं झाली होती. उमरीला मावशीच्या घरी मागच्या खोलीत कोंडून पाच महिने काढले होते. मूल मेलेलंच आलं, निळं पडलं होतं, असं मावशीनं सांगितलं. तोंड दाखवलं नाही. ती तेव्हा रडली नव्हती. पुढं सुईणीचं शिक्षण घ्यायचं, हे तिथंच, त्या खोलीत ठरलं होतं. मावशीला जाऊन बारा वर्षं झाली होती. आता जगात ही गोष्ट ठाऊक असणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाहेर लक्ष्मणरावांनी कडी वाजवली.

तिनं वही मिटली आणि दार उघडलं. कोरा कागद तिच्या हातातच होता.

“बाई, यादी?”

“यादी नाही, लक्ष्मणराव.”

“तुम्ही काल म्हणालात—”

“त्या बायकांनी मला सांगितलं, ते मला. मुलखाला नव्हे. राज्य बदललं म्हणून ते बदलत नाही.” तिचा आवाज शांत होता, मान ताठ होती. “सभेत सांगायचंच असेल तर एवढं सांगा, की मुरुडच्या दवाखान्यात दोनशे अकरा बायका आपलं गुपित घेऊन आल्या, आणि त्यांचं नाव कुणालाही कळलेलं नाही.”

लक्ष्मणरावांनी हात जोडले आणि ते गेले. तिला बरं वाटलं. गेल्या चार वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पेटीत ठेवण्याआधी तिनं वहीचं पहिलं पान पुन्हा एकदा उघडलं. मघाशी पहिली ओळ ‘पहिली खेप’पाशी संपत होती. आता ती पुढं गेली होती. शाई ओली होती.

तिनं उभ्या उभ्या आकडे लावले. मुलगी. जिवंत.

तिनं पुन्हा लावले. तेच आलं. मग रकान्याच्या अगदी तळाशी, कडेला दाटीनं बसवलेले आणखी काही आकडे तिला दिसले. चारची गाठ उघडी, नऊची शेपटी लांब.

दवाखान्यात येऊन गेली. नोंद याच वहीत.